लेझेझीत चार दिवस : आधी फों-द-गोमचं तिकीट, मग बाकी सगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मे महिन्यात पॅरिस झाल्यावर चार दिवस हातात उरतात. ठाण्याहून येणारे तुम्ही दोघं, सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. कुणीतरी आदिमानवाच्या चित्रगुहांसाठी नैर्ऋत्य फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातल्या लेझेझी या गावाचं नाव सुचवलंय. पण बाबांचं म्हणणं, ‘लास्कोची खरी गुहा बंदच आहे, मग नक्कल बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?’ मी बरीच वर्षं मराठी कुटुंबांचे लहान गट घेऊन तिथल्या वेझेर नदीच्या खोऱ्यात जाते, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देते.

जा. पण पॅरिसचं हॉटेल ठरवायच्याही आधी फों-द-गोम गुहेचं तिकीट काढा आणि ते ज्या दिवशीचं मिळेल त्या दिवसाभोवती चार दिवस बसवा. लोक नेमकं उलटं करतात. गाडी, हॉटेल, किल्ले सगळं ठरवून मोकळे होतात आणि आदल्या आठवड्यात गुहेकडे वळतात. तोवर जागा संपलेल्या असतात. मग लास्को बघून परत येतात आणि ‘छान होतं, पण नक्कल होती’ म्हणतात.

बाबांच्या शंकेचं खरं उत्तर याच गुहेत आहे. रंगीत चित्रं असलेल्या आणि सामान्य माणसाला आत जाऊ देणाऱ्या मूळ गुहा फ्रान्समध्ये आता जवळजवळ उरलेल्याच नाहीत, फों-द-गोम ही त्यांतली एक. गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दिवसभरात शंभर माणसंही आत सोडत नाहीत. पूर्वी पहाटे येऊन तिकीटखिडकीबाहेरच्या बाकावर जागा धरून बसावं लागायचं, आता आरक्षण आधीच करायचं असतं. सरकारी स्मारकांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा आणि साप्ताहिक सुट्टीही तिथेच बघून घ्या. फ्रान्समध्ये 1 मे आणि 8 मे या सुट्ट्या असतात, त्यांना जोडून लोक मोठे वीकएंड काढतात. ते दिवस टाळता आले तर टाळा.

ही गुहा गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. भिंतींवर जुन्या हौशी पाहुण्यांनी आपली नावंही कोरून ठेवली आहेत, ती खोड काही आपलीच मक्तेदारी नाही. पण चित्रं कुणाच्या लक्षात आली नव्हती. 12 सप्टेंबर 1901 रोजी ती ओळखली देनी पेरोनी या इथल्याच शाळामास्तराने. त्याच्या चारच दिवस आधी तो, अबे (म्हणजे पाद्री) ब्रय आणि डॉक्टर कापितां यांनी जवळच्या कोंबारेल गुहेतली कोरीव चित्रं शोधली होती. आणि योगायोग असा, की लास्कोही सापडली 12 सप्टेंबरलाच, 1940 साली. तुमच्या मुलीला ही तारीख सांगून ठेवा, मुलांना असल्या गोष्टी पक्क्या लक्षात राहतात.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे अपेक्षा ठीक राहतील. तिकीटखिडकीपासून गुहेच्या तोंडापर्यंत साधारण 400 मीटरचा चढ आहे. बाबांना दम लागत असेल तर वीस मिनिटं हातात ठेवून निघा. पिशव्या बाहेर ठेवायच्या, फोटो काढायचे नाहीत, भिंतीला अंगाचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. आत वाट अरुंद, एका ठिकाणी तर जाड माणसाला आडवं होऊन सरकावं लागतं. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. ओलसर, पिवळट, डाग पडलेली भिंत. गटातलं कुणीतरी हमखास माझ्याकडे वळून बघतं : एवढ्यासाठी आणलंत?

मग वाटाड्या दिवा खाली नेतो आणि उजेड तिरपा टाकतो. भिंतीला नैसर्गिक फुगवटा असतो, त्याची सावली पडते आणि तो फुगवटा एकदम वशिंड होतो. वशिंडाखाली पाठीची रेघ, पुढे झुकलेलं जड डोकं, बारीक पाय. गेरूचा तांबूस आणि मँगनीजचा काळा. आपल्या रानगव्याचा थोराड भाऊ म्हणावा असा बायसन. वाटाड्या दिवा हलवतो तशी त्याची बरगडी हलल्यासारखी वाटते. या गुहेत दोनशेच्या वर आकृती आहेत आणि त्यांतले ऐंशीच्या आसपास नुसते बायसन. पण मला सगळ्यांत आवडतात ती रेनडिअरची जोडी. एक गुडघे टेकून बसलेली, दुसरा पुढे वाकून तिच्या कपाळाला जीभ लावतोय. बरंचसं पुसट झालंय, वाटाड्याने बोटाने हवेत रेघ ओढून दाखवल्याशिवाय दिसत नाही. दिसलं की मात्र लोक गप्प होतात. माझ्या गटातल्या एका आजींनी तिथे नकळत हात जोडले होते. चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वीचं किंवा त्याहूनही जुनं काम आहे हे.

एका गटाची गुहा मी स्वतः चुकवलीय, म्हणून सांगते. समोरच्या कॅफेत कॉफीचं बिल यायला वेळ लागला आणि आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो. तोवर गट आत गेला होता आणि दार बंद. विनवण्या करून उपयोग नव्हता आणि त्यांचं बरोबरच होतं. त्या सहा जणांना मी आजही तोंड दाखवताना ओशाळते. तेव्हा गुहेच्या दिवशी कॉफी नंतर.

फों-द-गोमचं तिकीट नाहीच मिळालं तर कोंबारेल बघा. तिथे रंग जवळजवळ नाही, सगळं कोरीव. दोनशे मीटरच्या वर लांब, बोळासारखी चिंचोळी गुहा आणि भिंतींवर सहाशेहून जास्त आकृती. त्यातल्या सिंहिणीचा डोळा म्हणजे खडकातच असलेला एक खडा आहे, कोरणाऱ्याने तो हेरून त्याच्याभोवती सिंहीण बसवली. गट अगदी लहान असतो. ज्यांना बंद जागेत जीव घाबरा होतो त्यांनी मात्र ही टाळावी.

आता लास्को. ती मोंतिन्याक गावाजवळ, लेझेझीपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. मूळ गुहा 1948 मध्ये लोकांसाठी उघडली, दिवसाला हजारावर माणसं जायला लागली आणि त्यांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने, ओलाव्याने भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. 1963 मध्ये ती बंद केली. 1983 मध्ये पहिली मोठी प्रतिकृती झाली आणि डिसेंबर 2016 मध्ये आत्ताची, जिला लास्को-4 म्हणतात. अजिंठ्यात पहिल्या लेणीत आपण रांगेने घामाघूम होऊन उभे राहतो तेव्हा मला नेहमी हे शेवाळ आठवतं. बाबांना सांगा, ती नक्कल चित्रं वाचवायला केलेली आहे, पर्यटकांना गंडवायला नाही. आणि काम इतकं बारकाईचं आहे, की खडकाचा खडबडीतपणासुद्धा मोजून उतरवलाय. तिथला सर्वांत मोठा बैल पाच मीटरहून लांब आहे. छताकडे बघताना मान दुखते.

फक्त क्रम सांभाळा : आधी फों-द-गोम, मग लास्को. उलटं केलंत तर लास्कोचे झगझगीत रंग डोळ्यांत राहतात आणि मूळ गुहा फिकी, जुनाट वाटते. आधी खरी पुसट भिंत बघितली की लास्कोत गेल्यावर कळतं, ‘अच्छा, तेव्हा हे असं दिसत असणार.’ मी हे दोन्ही प्रकारे करून बघितलंय. लास्कोत मुलं रमतात. ती सापडली ती चार पोरांना, त्यामुळे गोष्टीतही त्यांचंच राज्य.

आणि दिवसाला एकच गुहा, फार तर दोन. तिसऱ्या गुहेत सगळे बायसन सारखे दिसायला लागतात, आपल्याकडे एका दिवसात अष्टविनायक उरकणाऱ्यांना शेवटचे गणपती जसे दिसतात तसे. या खोऱ्यातली पंधरा ठिकाणं 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ती सगळी ‘करायची’ म्हणून येणारे लोक मी बघते. संध्याकाळी त्यांना काय आवडलं विचारा, आइस्क्रीम म्हणतात.

पहिल्या दिवशी पोचल्यावर गावातलंच राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालय बघा. कड्याच्या पोटात जुना गढीवजा वाडा आहे, तो सरकारने 1913 मध्ये घेतला तो याच पेरोनीच्या खटपटीने. शेजारची नवी इमारत 2004 ची. जुलै-ऑगस्ट सोडून मंगळवारी बंद असतं. आत दगडी हत्यारांच्या रांगाच रांगा आहेत. खरं सांगायचं तर अर्ध्या तासात त्यांचा कंटाळा येतो, त्या भराभर ओलांडा. थांबायचं ते एका दहाएक सेंटीमीटरच्या तुकड्यापाशी : ला मादलेन या ठिकाणी सापडलेला, रेनडिअरच्या शिंगात कोरलेला बायसन. तो मान मागे वळवून स्वतःची कूस चाटतोय. शिंगाचा तुकडा लहान, डोकं पुढे काढायला जागाच नव्हती, म्हणून कारागिराने ते मागे वळवलं. डोळ्याची कड, नाकपुडी, बाहेर आलेली जीभ, आयाळीच्या बारीक रेघा, सगळं आहे. मुलीला काचेजवळ उभं करून विचारा, ‘इथे पुढे डोकं काढलं असतं तर मावलं असतं का?’ ती स्वतःच शोधून काढेल. हे बघून दुसऱ्या दिवशी गुहेत गेलात की भिंतीकडे बघायची नजर तयार झालेली असते.

संग्रहालयाच्या गच्चीवर आदिमानवाचा एक भलामोठा पुतळा आहे, पॉल दार्दे या शिल्पकाराचा, 1931 चा. खांदे पाडलेला, वैतागलेला, पाहुणे फार झाले असं म्हणणारा. शास्त्राच्या दृष्टीने तो आता पार कालबाह्य आहे, पण गाव त्याच्याशिवाय अपुरं वाटेल. तिथून खाली वेझेर नदी, रेल्वेचा रूळ आणि एकच मुख्य रस्ता दिसतो. सगळ्या कम्यूनची वस्ती हजाराच्या आसपास. कम्यून म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत समजा. 2019 मध्ये शेजारची दोन गावं यात विलीन झाली.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर, 1868 मध्ये इथे रेल्वेचं काम चालू असतानाच कड्याखालच्या एका कपारीत माणसांचे सांगाडे सापडले. त्या कपारीचं नाव क्रो-मान्यों. पाठ्यपुस्तकातला तो क्रो-मॅग्नन मानव म्हणजे याच गावचा रहिवासी. आपल्याकडचं भीमबेटकाही रेल्वेशी जोडलेलं आहे. विष्णु श्रीधर वाकणकरांना 1957 मध्ये आगगाडीतून जाताना तिथले खडक दिसले, ते फ्रान्स-स्पेनमधल्या खडकांसारखे वाटले आणि ते शोधत गेले, असं सांगतात. ‘फ्रान्समधले खडक’ म्हणजे काय, ते इथल्या रस्त्यावर उभं राहून वर बघितलं की समजतं. पिवळसर चुनखडीचे कडे पोटातून कोरल्यासारखे आत गेलेले आणि वरचा भाग छज्जासारखा पुढे आलेला. पावसात खाली उभं राहिलं तर भिजायला होत नाही. माणसाने घर बांधायच्या आधी घर म्हणून काय निवडलं असेल, ते इथे सांगावं लागत नाही. आजही काही घरांची मागची भिंत म्हणजे कडाच आहे.

आई-बाबांसाठी सर्वांत सोयीची गुहा रुफिन्याक, लेझेझीपासून पंधरा-सोळा किलोमीटर. तिथे विजेवर चालणारी छोटी आगगाडी तुम्हाला गुहेत खोल नेते, जवळजवळ चालावंच लागत नाही. मॅमथच दीडशेच्या वर. वाटेत जमिनीत खळगे दिसतात, ते गुहेतल्या अस्वलांनी हिवाळी झोपेसाठी केलेले. भिंतीवर त्यांच्या नखांचे ओरखडे आहेत, चित्रांच्याही आधीचे. शेवटी गाडी थांबते ती चित्रांनी भरलेल्या छताखाली. चित्रं काढली तेव्हा तिथली जमीन छताच्या इतकी जवळ होती, की चितारी उताणे पडून काढत असणार आणि पूर्ण चित्र त्यांना एका नजरेत दिसतही नसणार. आज आपण उभे राहू शकतो कारण जमीन नंतर खणून खाली नेली. ही गुहा हिवाळ्यात बंद असते, मे महिन्यात अडचण नाही.

काप ब्लां या कपारीला वेळ असेल तरच जा. तिथे रंग नाही, रेघ नाही, थेट खडकातून बाहेर काढलेले जवळपास खऱ्या मापाचे घोडे आहेत. 1909 मध्ये ते सापडले तेव्हा मजुरांच्या कुदळीखाली काही भाग तुटला, कारण मातीखाली शिल्प असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. याहून वाईट गोष्ट गावाजवळच्या ‘माशाच्या कपारी’ची. छतावर मीटरभर लांबीचा सॅमन मासा कोरलेला आहे, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा. 1912 मध्ये तो बर्लिनच्या संग्रहालयाला विकण्यासाठी छतातून काढायचं काम सुरू झालं होतं. सरकारने ते अडवलं. पण माशाभोवती चौकोनात पाडलेली भोकांची रांग अजून तशीच आहे, आणि मला विचाराल तर ती रांगच बघण्यासारखी आहे. दर्शन मात्र फार मर्यादित असतं, फों-द-गोमच्या तिकीटखिडकीवर चौकशी करा.

गुहांमधून डोकं वर काढायला एक दिवस नदीसाठी ठेवा. वेझेरवर कनू (वल्हवायची लहान होडी) भाड्याने मिळते. ते तुम्हाला गाडीने वरच्या अंगाला सोडतात आणि तुम्ही प्रवाहाबरोबर वल्हवत खाली लेझेझीला येता. वाटेत ला रोक सां-क्रिस्तॉफचा कडा लागतो, जवळजवळ किलोमीटरभर लांब, आणि मजल्यांसारख्या कपारी एकावर एक. माणसं तिथे आदिम काळापासून मध्ययुगापर्यंत राहिली. आई-बाबांना होडीत घालू नका, त्यांना सां-लेओं गावात नदीकाठच्या जुन्या चर्चजवळ बसवा. तिथली बाकं सावलीत आहेत आणि त्या गावात शांत बसण्याखेरीज काही करायची अपेक्षाही नसते. मुलीला पोहता येत असेल तरच होडी घ्या, आणि मे महिन्यात आधी पाऊस झाला असेल तर पाणी चढलेलं असतं, काठावर विचारून ठरवा.

किल्ल्यांचं म्हणाल तर आपण सह्याद्रीची माणसं, आपल्याला सहज भुरळ पडत नाही. तरी कास्तेल्नो बघा. दोर्दोन्य नदीच्या एका काठावर तो आणि पलीकडे बेनाक, शंभर वर्षांच्या युद्धात एक इंग्रजांच्या बाजूचा, दुसरा फ्रेंचांच्या, एकमेकांवर डोळे वटारून. कास्तेल्नोत दगड फेकणारी मोठाली लाकडी यंत्रं मांडली आहेत. सार्ला या गावचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, गर्दीची तयारी ठेवून जा.

आता पोचायचं कसं. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून बोर्दोला वेगवान गाडीने दोन तासांच्या थोडं वर, तिथून पेरिग्यो आणि मग लेझेझी. स्टेशन गावातच आहे. गाड्या दिवसाला मोजक्याच, एक चुकली की दुपार गेली. गाडी भाड्याने घेणं मी आग्रहाने सांगेन, बोर्दोला उतरून घ्या. लास्को, रुफिन्याक, किल्ले यांना सोयीची बस नाही आणि टॅक्सी रिक्षासारखी हात दाखवून थांबत नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना ठाण्याहूनच काढून आणा. पहिल्या दिवशी उजव्या बाजूने चालवताना शेजारच्या माणसाने प्रत्येक चौकात ‘उजवीकडे’ म्हणत राहायचं. भांडण झालं तरी चालेल.

जेवणाचं मात्र सांभाळा. हा प्रांत बदकांचा. शाकाहारी म्हणून लोक आनंदाने सार्लाचे लसूण-पार्सलीवाले बटाटे मागवतात. ते बदकाच्या चरबीत परततात, आणि वेटर ते सांगेलच असं नाही, कारण त्याच्या दृष्टीने बटाटा हा बटाटा. आधी विचारा. बिनधास्त मागवायचं ते अळंबीचं ऑम्लेट (त्यातही लोणी आहे की चरबी, विचाराच), काबेकू नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज आणि अक्रोडाचा केक. दुपारी बारा ते दोन जेवण झालं तर झालं, अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या, म्हणजे एका रात्री आईंचा वरणभात होईल.

मग क्रम असा लागतो : पहिल्या दिवशी प्रवास आणि संग्रहालय, दुसऱ्या दिवशी सकाळी फों-द-गोम आणि दुपारी काहीही नाही, तिसऱ्या दिवशी लास्को आणि परतताना सां-लेओं, चौथ्या दिवशी रुफिन्याक किंवा नदी. फों-द-गोमचं तिकीट वेगळ्या दिवसाचं मिळालं तर बाकीचे दिवस त्याच्याभोवती फिरवा, फक्त लास्को त्याच्या आधी येऊ देऊ नका.

आणि स्वेटर. गुहेत बारा महिने तेरा अंशांच्या आसपास गारवा असतो. मे महिन्यात ठाण्यात घामाघूम होऊन बॅग भरणारा कुणीही स्वेटर टाकत नाही, आणि मग गुहेच्या तोंडाशी आई-बाबांना आपापली जाकिटं देऊन तुम्ही दोघं कुडकुडत उभे राहता.